विश्लेषण : एक स्फटिक, एकच संधी... सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांची रचना टिपण्याचे गणित कसे मांडतात?

वसईची खाडी ओलांडून लोकल विरारकडे निघाली, की नायगाव परिसरातील मिठागरे खिडकीतून दिसतात. खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटू द्यायचे आणि मीठ जमले की ओढून घ्यायचे, ही पद्धत इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जवळपास याच तत्त्वावर मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातील प्रयोगशाळांमध्ये प्रथिनांचे स्फटिक वाढवले जातात. मात्र मिठागरात ढीग लागतात, तर प्रयोगशाळेत कित्येक महिन्यांच्या मेहनतीनंतर कधी कधी जेमतेम चार-पाच चांगले कण हाती येतात. ते घेऊन संशोधक इंदूरच्या किंवा परदेशातील सिंक्रोट्रॉनवर जातात. तिथे मिळणारा वेळ मोजका असतो आणि क्ष-किरणांच्या झोतात स्फटिकाचे आयुष्य त्याहून मोजके. त्यामुळे झोत उघडण्यापूर्वी आखलेल्या योजनेवर बरेच काही अवलंबून असते. ही योजना कशी आखतात, ती चुकली तर काय होते, याविषयी...

प्रथिनांचे स्फटिक कशाला हवेत?

शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात आणि ती कशी करतात हे त्यांच्या त्रिमितीय आकारावर ठरते. अनेक औषधे म्हणजे एखाद्या प्रथिनाच्या खाचेत नेमका बसणारा रेणू असतो. कुलूप आतून कसे आहे हे दिसले, तर किल्ली घडवणे सोपे जाते. करोना साथीत हे जगाने पाहिले. विषाणूच्या वाढीसाठी आवश्यक असलेल्या मुख्य प्रोटिएज या प्रथिनाची रचना चिनी संशोधकांनी शांघाय येथील सिंक्रोट्रॉनच्या मदतीने उलगडली आणि फेब्रुवारी २०२० च्या पहिल्याच आठवड्यात ती सर्वांसाठी खुली केली. पुढे त्याच प्रथिनाला रोखणाऱ्या पॅक्सलोविड या औषधाला डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

एकट्या रेणूवर क्ष-किरण सोडले तर मिळणारा संकेत फारच क्षीण असतो. स्फटिकात मात्र तोच रेणू एकाच शिस्तीत पुन्हा पुन्हा मांडलेला असतो. ०.१ मिलिमीटरच्या स्फटिकात साधारण दहा लाख कोटी रेणू असू शकतात. ते सारे एकाच सुरात किरण विखुरतात. या विखुरलेल्या किरणांचे डिटेक्टरवर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांच्या जागा आणि तीव्रता मोजून रेणूचा नकाशा तयार केला जातो.

मीठ आणि प्रथिन, फरक कसा ओळखतात?

क्ष-किरणांनी उलगडलेल्या अगदी पहिल्या रचनांमध्ये आपले साधे मीठच होते. ब्रिटनमधील विल्यम ब्रॅग आणि लॉरेन्स ब्रॅग या पिता-पुत्रांनी १९१३ मध्ये हे काम केले. १९१५ च्या नोबेलचे ते मानकरी ठरले, तेव्हा लॉरेन्स अवघा २५ वर्षांचा होता.

प्रथिनाचा स्फटिक मात्र मिठासारखा टणक नसतो. त्यात सुमारे निम्मा भाग पाणी असतो. सुईने टोचले तर मिठाचा खडा टिकतो, प्रथिनाचा स्फटिक चुरगळतो. स्फटिक वाढवण्यासाठी प्रथिनाच्या मायक्रोलिटरभर थेंबात क्षारांचे किंवा पॉलिमरचे द्रावण मिसळतात आणि बंद कप्प्यात थेंबातील पाणी सावकाश कमी होऊ देतात. कधी कधी प्रथिनाऐवजी त्या द्रावणातील क्षाराचाच सुबक स्फटिक तयार होतो. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले तर हमखास. संशोधक विद्यार्थी आनंदतो, स्फटिक झोतासमोर धरतो आणि डिटेक्टरवर उमटतात फक्त काही ठळक, एकमेकांपासून दूरदूर असलेले ठिपके. मिठाच्या मांडणीतील अंतरे लहान, म्हणून ठिपके विरळ. प्रथिनाची अंतरे मोठी, म्हणून ठिपके दाट. एका चित्रात निकाल लागतो. त्यामुळे सिंक्रोट्रॉनवर जाण्यापूर्वी स्थानिक प्रयोगशाळेतील लहान क्ष-किरण यंत्रावर स्फटिक तपासून घेणे, हा नियोजनाचा पहिला टप्पा ठरतो.

सिंक्रोट्रॉन म्हणजे काय? इंदूरच का?

अणुऊर्जा विभाग म्हटले की पालघर जिल्ह्याला तारापूर आठवते. याच विभागाची एक संस्था इंदूरला आहे, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. होळकरांच्या या शहरात १९८४ मध्ये केंद्राची पायाभरणी झाली. डॉ. दिलीप भवाळकर त्याचे संस्थापक संचालक. इथल्या ‘इंडस-२’ या यंत्रात १७२.५ मीटर परिघाच्या वर्तुळाकार नळीत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारत असतात. त्यांची ऊर्जा २.५ गीगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. चुंबकांमुळे त्यांचा मार्ग वळतो आणि प्रत्येक वळणावर तीव्र प्रकाश बाहेर पडतो. त्यातच क्ष-किरण असतात.

हा प्रकाश वेगवेगळ्या बीमलाइनमधून प्रयोगांपर्यंत नेला जातो. त्यातील ‘पीएक्स-बीएल २१’ ही बीमलाइन भाभा अणुसंशोधन केंद्राने खास प्रथिनांच्या स्फटिकांसाठी उभारली. तिथे ५ ते २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण वापरता येतात. भारतीय संशोधक फ्रान्समधील ग्रेनोबल येथील ८४४ मीटर परिघाच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनवर आणि इटलीतील ट्रिएस्टे येथील ‘एलेत्रा’वरही जातात. कुठेही जायचे तरी आधी प्रस्ताव द्यावा लागतो, तो तज्ज्ञांच्या छाननीतून जातो आणि मग ठरावीक तासांचा ‘बीमटाइम’ मिळतो. ती वेळ हुकली, की पुन्हा रांग.

क्ष-किरणांनी स्फटिक ‘मरतो’ कसा?

ज्या किरणांनी रचना दिसते, तेच किरण ती रचना मोडतात. क्ष-किरण शोषले गेले की स्फटिकात मोकळे इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते रासायनिक बंध तोडत जातात. हे नुकसान मंदावण्यासाठी स्फटिक उणे १७३ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड नायट्रोजन वायूच्या झोतात ठेवला जातो. तरीही मर्यादा उरतेच. या तापमानाला साधारण ३ कोटी ग्रे इतकी मात्रा ही व्यवहारातील वरची सीमा मानली जाते. तुलनेसाठी, माणसाच्या संपूर्ण शरीराला ४-५ ग्रे मात्रा एकदम मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर ती जिवावर बेतू शकते. सामान्य तापमानात तर स्फटिक याच्या काही टक्के मात्रेतच निकामी होतो.

रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अ‍ॅडा योनाथ यांना मिळाले. योनाथ यांना रायबोसोमचे स्फटिक मिळाले तेव्हा ते झोतात टिकतच नव्हते. ते गोठवून वापरण्याचे तंत्र विकसित झाल्यावरच पुढची वाट खुली झाली. म्हणजेच मात्रा हे या प्रयोगातले खरे भांडवल. ते कुठे आणि किती खर्च करायचे, हे ठरवणे म्हणजे नियोजन.

पहिल्या दोन चित्रांत काय पाहतात?

स्फटिक नायलॉनच्या बारीक फासात उचलून गोनिओमीटर या फिरत्या टेकूवर बसवला जातो. झोताची खोली रिकामी असल्याची खात्री करून दार बंद होते आणि पुढचे सारे संगणकावरून चालते. सुरुवातीला स्फटिकाची फक्त दोन-तीन चित्रे घेतात, ती एकमेकांपासून ९० अंशांच्या फरकाने. एका दिशेने उत्तम दिसणारा स्फटिक दुसऱ्या दिशेने खराब निघू शकतो, म्हणून एकच चित्र पुरत नाही.

या चित्रांतून चार गोष्टी कळतात. ठिपके किती दूरवर, म्हणजे किती बारीक तपशिलापर्यंत दिसतात? ठिपके एकेरी आहेत की दोन स्फटिक एकमेकांना चिकटले आहेत? बर्फ तयार झाल्याची खूण असलेली वर्तुळे दिसतात का? आणि रेणूंची मांडणी किती सममित आहे? ‘मॉसफ्लम’, ‘बेस्ट’ यांसारख्या संगणक प्रणाली या चित्रांवरून पुढच्या चित्रणाचा आराखडा सुचवतात. ‘रॅडडोस’ ही प्रणाली स्फटिकाला किती मात्रा मिळेल याचा अंदाज देते.

याच टप्प्यावर एक मोह आवरावा लागतो. पहिला स्फटिक बरा दिसला की लगेच त्यावर सगळा वेळ घालवायचा मोह. जाणकार संशोधक आधी सोबत आणलेले सगळे स्फटिक तपासतात, त्यांची क्रमवारी लावतात आणि मगच सर्वांत चांगल्या स्फटिकाकडे वळतात.

स्फटिक किती अंश फिरवायचा?

स्थिर स्फटिकातून फक्त काही ठिपके मिळतात. सगळे हवे असतील तर स्फटिक झोतात हळूहळू फिरवत चित्रे घ्यावी लागतात. शंकराच्या देवळात प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत. तुंगारेश्वरला जाणाऱ्या भाविकाला हे सांगावे लागत नाही. सोमसूत्रापर्यंत जाऊन परत फिरायचे. स्फटिकाच्या बाबतीतही पूर्ण फेरी दर वेळी लागत नाही. कारण मात्र शास्त्रीय आहे. मांडणी जितकी सममित, तितके फिरवणे कमी. सममिती अगदीच नसेल तर १८० अंश लागतात. एकमेकांना काटकोनात असलेले तीन सममिती-अक्ष असतील तर ९० अंश पुरतात. घनाकृती मांडणीत त्याहूनही कमी चालते.

पण सुरुवात कुठून करायची, हेही तितकेच महत्त्वाचे. ९० अंश पुरेसे असलेल्या स्फटिकात अक्षापासून सुरुवात केली तर माहिती पूर्ण मिळते. तिथे ४५ अंश चुकून सुरुवात झाली, तर अर्धा भाग दोनदा टिपला जातो आणि उरलेल्या भागातला बराचसा एकदाही टिपला जात नाही. चित्रे तेवढीच, मात्रा तेवढीच, पण नकाशात भोके. शिवाय दोन-तीन चित्रांवरून काढलेला सममितीचा अंदाज चुकीचाही असू शकतो. म्हणून स्फटिक सोसू शकत असेल, तर गरजेपेक्षा थोडे जास्त फिरवणे शहाणपणाचे मानले जाते.

शंभर रुपयांत बाजार कसा बसवायचा?

स्फटिक सोसू शकेल ती एकूण मात्रा म्हणजे शंभर रुपये, असे समजू. आठवड्याचा बाजार एवढ्यातच करायचा आहे. अर्ध्या अंशाला एक याप्रमाणे ९० अंशांत १८० चित्रे होतात. सारे शंभर रुपये यांवर खर्च केले तर प्रत्येक चित्र ठळक येईल आणि दूरचे, क्षीण ठिपकेही दिसतील. तेच पैसे १८० अंशांतील ३६० चित्रांवर वाटले तर प्रत्येक चित्र फिके येईल, पण प्रत्येक ठिपका अधिक वेळा मोजला जाईल आणि मापनातील चूक कळेल. सुरुवातीलाच उधळपट्टी केली तर शेवटच्या चित्रांपर्यंत स्फटिक अर्धमेला झालेला असतो.

काय निवडायचे हे उद्देशावर ठरते. प्रथिनाच्या खाचेत औषधाचा रेणू कसा बसला आहे हे पाहायचे असेल, तर बारीक तपशील हवा. ३ अँगस्ट्रॉमच्या नकाशात साखळीची वळणे कळतात. २ अँगस्ट्रॉमला पाण्याचे रेणूही दिसू लागतात. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) डिटेक्टरचे अंतरही याच हिशेबात येते. तो जवळ आणला तर दूरचे ठिपके कवेत येतात, पण मांडणीतील अंतरे मोठी असतील तर ठिपके एकमेकांवर चढतात. मागे नेला तर ठिपके सुटे होतात, मात्र कडेचे निसटतात. अतिठळक ठिपक्यांनी डिटेक्टरची मर्यादा ओलांडली, तर त्यांच्यासाठी कमी तीव्रतेची वेगळी फेरी घ्यावी लागते. ते ठिपके गमावणे महागात पडते, कारण रेणूचा ढोबळ आकार तेच सांगतात.

तरंगलांबी बदलून काय साधते?

डिटेक्टर ठिपक्याची तीव्रता मोजतो, पण त्या लहरीची ‘कला’, म्हणजे तिचे शिखर नेमके कुठे आहे, ते मोजू शकत नाही. ही माहिती नसेल तर नकाशा तयार होत नाही. आधीपासून माहीत असलेल्या मिळत्याजुळत्या प्रथिनाची रचना वापरून हा पेच अनेकदा सुटतो. तशी रचना नसेल तर प्रथिनात सेलेनियमसारखे अणू बसवतात. सेलेनियम १२.६६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतो. झोत नेमका तिथे आणला, तर एरवी सारख्या असणाऱ्या ठिपक्यांच्या जोड्यांत किंचित फरक पडतो आणि त्या फरकातून कला काढता येते.

हा फरक जेमतेम काही टक्क्यांचा असतो. त्यामुळे इथे बाजाराचे गणित उलटे होते. बारीक तपशिलाचा हव्यास सोडून मात्रा कमी ठेवायची आणि तेच ठिपके अनेकदा मोजायचे. स्फटिक बिघडल्याने पडणारा फरक या संकेतापेक्षा मोठा झाला, तर सारी मेहनत पाण्यात. ठरावीक धातूच्या लक्ष्यावर चालणाऱ्या प्रयोगशाळेतील यंत्रात तरंगलांबी अशी हवी तशी बदलता येत नाही. सिंक्रोट्रॉन गाठण्याचे हे एक मोठे कारण.

नियोजन चुकले तर काय होते?

माहिती अपुरी पडली तर ते निदान लक्षात येते. खरा धोका आहे तो चुकीची माहिती बरोबर वाटण्याचा. मात्रा जास्त झाली की प्रथिनातील गंधकाचे दुहेरी पूल आधी तुटतात, आम्लधर्मी घटकांचे तुकडे गळतात, धातूच्या अणूंची रासायनिक अवस्था बदलते. ज्या खाचेत औषध बसवायचे, तिथेच असे घटक बऱ्याचदा असतात. झोताने केलेला बदल हा प्रथिनाचा मूळ गुण समजला गेला, तर पुढची औषधरचना चुकीच्या नकाशावर उभी राहते. म्हणूनच माहिती गोळा होत असतानाच ती संगणकावर तपासायची आणि खात्री पटेपर्यंत स्फटिक टेकूवरून उतरवायचा नाही, असा नियम अनेक गट पाळतात.

साध्या चुकाही महाग पडतात. द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या पात्रातून स्फटिक नेले जातात. कोणत्या पिनवर कोणता स्फटिक, तो कोणत्या द्रावणात वाढला, त्यात कोणता रेणू भिजवला होता, याची यादी नीट नसेल तर उत्तम चित्रेही निरुपयोगी. विरार लोकल फलाटावर यायच्या आधीच प्रवासी आपली उभी राहण्याची जागा धरतो, कारण गाडी लागल्यावर विचार करायला वेळ नसतो. रात्री तीन वाजता चालू असलेल्या बीमटाइमची गतही तीच.

वेगवान डिटेक्टर, एआय आल्यावर याची गरज उरेल का?

नव्या डिटेक्टरमुळे प्रगत सिंक्रोट्रॉनवर संपूर्ण चित्रण एक-दोन मिनिटांत होते. ग्रेनोबलमधील ‘मॅसिफ-१’ या बीमलाइनवर स्फटिक बसवण्यापासून चित्रणापर्यंतचे काम यंत्रमानव करतो. मात्र तिथला झोत इतका तीव्र असतो, की स्फटिकाचे सारे आयुष्य काही सेकंदांतही संपू शकते. वेळेची टंचाई गेली, मात्रेची राहिली. स्फटिक फारच लहान असतील तर प्रत्येकातून थोडे थोडे अंश टिपून अनेक स्फटिकांची माहिती जोडली जाते. तेव्हा कोणती जोडायची आणि कोणती वगळायची, हा नवा प्रश्न उभा राहतो.

‘अल्फाफोल्ड’सारख्या एआय प्रणाली प्रथिनाच्या घटकक्रमावरून रचनेचे भाकीत करतात. त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ही प्रणाली शिकली ती ‘प्रोटीन डेटा बँके’तील प्रयोगसिद्ध रचनांवरून आणि त्यातील बहुसंख्य रचना क्ष-किरणांनीच उलगडलेल्या आहेत. भाकितामुळे कलेचा पेच सोडवणे सोपे झाले आहे. पण एखादा नवा औषधी रेणू खाचेत प्रत्यक्षात कसा बसतो, याची खात्री करायला आजही प्रयोग लागतो. करोना काळात ब्रिटनच्या ‘डायमंड’ सिंक्रोट्रॉनवर मुख्य प्रोटिएजच्या स्फटिकांवर सुमारे १,२५० लहान रेणू अशाच प्रकारे तपासले गेले.

वसई-विरारच्या विद्यार्थ्यांना यात वाव कुठे?

या विषयाचा संबंध फक्त जीवशास्त्राशी नाही. प्रथिन तयार करण्यासाठी जैवतंत्रज्ञान लागते, झोतासाठी भौतिकशास्त्र, टेकू आणि थंडाव्यासाठी यांत्रिक अभियांत्रिकी, चित्रांच्या विश्लेषणासाठी गणित आणि संगणक. तुर्भ्याजवळचे भाभा अणुसंशोधन केंद्र, खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पवईची आयआयटी आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, अशा ठिकाणी प्रथिनांच्या रचनेवर काम झाले आहे. यातल्या मुंबई-नवी मुंबईच्या संस्था तर वसई-विरारहून लोकलच्या टप्प्यात आहेत. चित्रणाचा आराखडा आखणाऱ्या आणि चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या अनेक प्रणाली शैक्षणिक वापरासाठी मोफत आहेत. जगभरातील संशोधकांनी खुली केलेली मूळ चित्रेही इंटरनेटवर मिळतात. त्यामुळे सुरुवातीचे अंश, मात्रा आणि अंतर यांचा हिशेब करण्याचा सराव घरच्या संगणकावरही करता येतो.

इंदूरच्या केंद्राने ६ गीगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या नव्या, अधिक तेजस्वी सिंक्रोट्रॉनचाही प्रस्ताव मांडला आहे. तो उभा राहिला तर झोत आणखी तीव्र होईल, स्फटिक आणखी लहान चालतील आणि चूक करायला मिळणारा अवधीही तितकाच कमी होईल.